चांगल्या दिवसाचं काय करायचं?

‘दिसतेस तर छान, मग झोपून का?’ घरच्यांचं हे वाक्य ऑटोइम्यून, म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा शरीरावरच उलटते असा, आजार असलेल्या बायकांकडून मी इतक्यांदा ऐकलं आहे की पुढचं वाक्यही मला पाठ झालं आहे: ‘मॅडम, मलाच कधी कधी वाटतं, मी नाटक करतेय का?’ बायका म्हणते ते उगीच नाही. ल्युपस या अशाच एका आजाराच्या दर दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात. त्यातही बहुतेकींना तो १५ ते ४५ या वयात, म्हणजे शिक्षण, नोकरी, संसाराच्या ऐन धामधुमीत गाठतो.

मृदुला (नाव आणि तपशील बदलले आहेत) तिशीतली शिक्षिका. आधी बोटांचे सांधे दुखायचे, मग केस गळू लागले, मग नाकावरून दोन्ही गालांवर लाल चट्टा पसरला. ल्युपसचं निदान होईपर्यंत ‘टेन्शन घेऊ नकोस’ हा सल्ला तिला सगळ्यांनी देऊन झाला होता. समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत तिने विचारलं, “माझं काय चुकलं? माझंच शरीर माझ्यावर का उलटलं?”

काही चुकलेलं नसतं. शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच पेशींना परकं समजू लागते. त्यामागे आनुवंशिक कल, हार्मोन्स, एखादा संसर्ग, ऊन अशा अनेक गोष्टी एकत्र येतात. हा आजार संसर्गजन्य नाही. ‘मनात दाबलेला राग शरीरावर निघतो’ असं सांगणारे आमच्या व्यवसायातही आहेत, आणि मला त्यांचा मनापासून राग येतो. आधीच आजारी असलेल्या माणसाच्या पदरात वर अपराधही टाकायचा!

पण मृदुलाची खरी गाठ वेगळीच होती. ती सुटली एका साध्या चौकशीतून. गेला आठवडा कसा गेला, एवढंच मी विचारलं होतं.

“रविवारी मस्त वाटत होतं. कपाटं आवरली, पेपर तपासले, पाहुण्यांचं जेवण केलं.”

“आणि सोमवारी?”

“उठवेना. मंगळवारीही रजा. सासूबाई म्हणाल्या, परवा तर पायाला भिंगरी लावली होतीस.”

“रविवारी एवढं सगळं एकाच दिवशी का?”

“राहिलेलं भरून काढायला नको? मी कामचुकार नाही, हे कळायला नको?”

“कुणाला?”

ती बराच वेळ बोलली नाही. मीही नाही. मग हळूच म्हणाली, “आधी वाटलं सासूबाईंना. पण बहुतेक मलाच.” आणि थोड्या वेळाने, “म्हणजे चांगल्या दिवशी मीच माझ्याविरुद्ध साक्ष देते!”

वाक्य तिचं. ते तिच्या ओठी येईपर्यंत मी गप्प राहिले, एवढं श्रेय मात्र मी घेते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारपद्धतीवर माझी भिस्त आहे: माणूस प्रसंगाइतकाच, किंबहुना जास्त, त्या प्रसंगाबद्दल स्वतःला घातलेल्या अटींनी पिळवटतो. मृदुलाची अट होती, ‘बरं वाटतंय ना, मग सगळं झालंच पाहिजे.’ आम्ही सगळे रुग्णाच्या वाईट दिवसांची चिंता करत बसतो. माझ्या अनुभवात घोळ होतो तो चांगल्या दिवशी.

म्हणून कामाची मर्यादा आम्ही चांगल्या दिवसासाठी ठरवली. जेवढं जमेलसं वाटतं, त्याच्या साधारण निम्मं करायचं आणि अंगात जोर असतानाच थांबायचं. घरच्यांना ते आधी सांगायचं: “आज बरं आहे, म्हणून आज दोनच कामं.” मागाहून दिलेलं स्पष्टीकरण सबबीसारखं वाटतं. पहिले काही आठवडे तिला हे अजिबात जमलं नाही. सासूबाईंना मी एकदा बोलावून घेतलं. रिपोर्ट चांगले आले तरी ल्युपसचा थकवा राहू शकतो आणि थकवा मोजणारी रक्ताची तपासणी नाही, हे त्यांना नवीन होतं. त्यांना सगळं पटलं असं नाही, पण टोमणे कमी झाले. थकव्यामागे अॅनिमिया, थायरॉइड, अपुरी झोप किंवा नैराश्यही असू शकतं, त्यामुळे ‘ल्युपसच आहे’ म्हणून तो सोडून न देता डॉक्टरांना सांगायचा. झेपेल तेवढा हलका व्यायाम थकव्यावर उपयोगी पडतो, फक्त तोही रविवारी एकदम उरकायचा नसतो.

याच बोलण्यात एक गोष्ट अशी बाहेर आली की मी आमचं सत्र तिथेच थांबवलं. बरं वाटलं की ती गोळ्या चुकवत होती. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या ल्युपसवरच्या गोळीचा परिणाम दिसायला काही आठवडे ते काही महिने लागतात. आजार उसळण्याचं प्रमाण ती कमी करते, म्हणून बरं वाटत असतानाच ती घ्यायची असते, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा डोळे तपासून घ्यायचे असतात. स्टेरॉइड तर चेहरा सुजला म्हणून मनाने कधीच एकदम बंद करायचं नाही. बाहेरून मिळतंय म्हणून शरीराने स्वतःचं बनवणं कमी केलेलं असतं, त्यामुळे एकदम थांबवलं तर जिवावर बेतू शकतं. शिवाय ल्युपस मूत्रपिंडांपर्यंत पोचला तरी सुरुवातीला अनेकदा काहीच जाणवत नाही. लघवीतल्या प्रथिनांची तपासणी ठरल्या वेळी करावीच लागते, मग दिवस कितीही चांगला असो. लघवीला फेस, पायांवर सूज, ताप, छातीत दुखणं यांपैकी काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. आणि चांगल्या दिवशी बाहेर पडताना अंगभर कपडे, टोपी, सनस्क्रीन. उन्हाने नुसती त्वचाच नाही, सगळा आजार उसळू शकतो.

मी तिला त्याच आठवड्यात तिच्या संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं. गोळ्या आता नियमित आहेत. सध्या तिच्या मनात बाळाचा विचार आहे. आजार किमान सहा महिने शांत राहू दे, मग कोणती औषधं बदलायची ते पाहू, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन गरोदरपणातही सहसा चालू ठेवतात, हे कळल्यावर ती मला म्हणाली, “म्हणजे ती एक गोळी तरी चुकवायला आता कुठलंच कारण उरलं नाही.”