लेक मराठीत बोलायचंच टाळते

प्रश्न : आम्ही ऐरोलीत राहतो. मुलगी 8 वर्षांची, इंग्रजी माध्यमात तिसरीत. सोसायटीत सगळी मुलं हिंदी बोलतात. ती "आई, आम्ही उद्या बाजारात जाऊया?", "माझी मदत कर" असं बोलते. कोल्हापूरहून आलेल्या सासूबाई हसतात. मी प्रत्येक वाक्य सुधारते, तर आता ती मला हिंदीतच उत्तर देते. काय करू?

उत्तर : ताई, आधी ते सुधारणं थांबवा, आजपासूनच. दर वाक्याला टोकलं की मूल गप्प बसतं, नाहीतर भाषा बदलतं. तुमच्या लेकीने भाषा बदलली.

तिच्या दिवसाचा हिशेब मांडून बघा. जागेपणीचे साधारण 14 तास. शाळा आणि बस मिळून 8 गेले, खाली खेळण्यात दीड-दोन, मग अभ्यास, टीव्ही. मराठीला उरतात जेमतेम दोन, आणि त्यातही "दूध संपव", "दप्तर भर", "झोप आता". याला "हो" म्हटलं की भागतं. तिला मराठी कळतं, पण तोंड उघडायची गरजच पडत नाही.

तिच्या चुका आळसाच्या नाहीत. हिंदीत 'हम' एकच. मराठीत समोरच्याला धरून 'आपण', वगळून 'आम्ही'. हा फरक ऐकूनच मुरतो. 'माझी मदत' म्हणजे सरळ 'मेरी मदद'. ती असं म्हणाली की तुम्ही म्हणा, "मदत करू तुला? आण ती वही." बास. पुन्हा म्हणायला लावू नका. बरोबर रूप कानावर पडलं आणि बोलणंही तुटलं नाही. बाजाराचं विचारलं तर, "हो, आपण जाऊया. आपण दोघीच, की आजीलाही न्यायचं?" आता तिला उत्तर द्यावंच लागेल.

मुलांची बोली आईबापांपेक्षा सवंगड्यांसारखी होते, हे जगभर दिसतं. घोळक्यात एका जरी मुलाला मराठी येत नसेल तर सगळे हिंदीवर जातात, आणि ते योग्यच आहे. म्हणून घोळक्याशी भांडू नका. मराठी घरातली एकच मैत्रीण आठवड्यातून एकदा घरी बोलवा, एकटीच. पहिले काही दिवस त्या दोघीही हिंदीतच बोलतील. मध्ये पडू नका, खाऊ देताना तुम्ही मराठीत बोला. मे महिन्यात गावी भावंडांमध्ये दहा दिवस राहू द्या, फक्त तिथल्या मोठ्यांना 'हसू नका' हे आधीच बजावा.

शाळेकडून थोडीच अपेक्षा ठेवा. 2020च्या कायद्याने राज्यात सर्व बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीचं झालं, पण तास परीक्षेपुरताच राहतो. हिंदीमुळे देवनागरी तिला येते, नवा मुख्यतः 'ळ'. बालभारतीचं 'किशोर' मासिक आणा, रोज 10 मिनिटं तुम्ही वाचा, तिने ऐकायचं. प्रश्न विचारू नका.

ती कुठल्याच भाषेत नीट बोलत नसेल, तर मात्र कान तपासून घ्या आणि स्पीच थेरपिस्टला दाखवा. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने असं होत नाही.

आणि सासूबाई. कोल्हापुरात बायकाही सहज "मी येतो" म्हणतात, ती तिथली रीत. नातीचं बोलणंही तसंच तिच्या सोसायटीतून आलंय, हे त्यांना प्रेमाने सांगा. मग दोघींना रोज अर्धा तास स्वयंपाकघरात सोडा. भाजी निवडायची, मटार सोलायचे, गाजर किसायचं, नारळ खवायचा, कणीक मळायची. प्रत्येक कामाला वेगळा शब्द, आणि हातात वस्तू असल्यामुळे त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. आजीने फक्त विचारत राहायचं, "आता काय करू गं?"