माझा आवाज जाड झाला, ह्यांचा बारीक, असं उलटं कसं?

प्रश्न: डॉक्टर, मी ५४ वर्षांची, भजनी मंडळात गाते. आधी पेटीच्या काळी चार पट्टीत आरामात गायचे, आता तिच्याखालच्या पांढरी चारच्या वर गेलं की आवाज फाटतो आणि फोनवर लोक मला सरळ ‘काका’ म्हणतात! ह्यांचं वय ७३, त्यांचा आवाज मात्र चिरका, हवा सुटल्यासारखा झालाय. एकाच घरात असं कसं? ज्येष्ठमध चालू आहे.
– एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, ज्येष्ठमध आवडतं तर चघळा, पण आपण गिळतो ते अन्ननलिकेत जातं, स्वरतंतूंना शिवतसुद्धा नाही :)

तंतू म्हणतात पण त्या तारा नाहीत, दोन मऊ घड्या आहेत, आत स्नायू आणि वर जेलीसारखा पातळ थर, आणि बोलताना बाईच्या घड्या सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकींवर आपटतात, पुरुषाच्या १००-१२५ वेळा. गळ्याच्या घाटीखाली बोट ठेवा आणि खालच्या सा पासून वर गात जा, तिथली छोटी खाच मिटत जाते बघा, तेव्हा स्नायू घड्या ताणून लांब करत असतो. आता लांब झाल्यावर सूर उतरायला हवा ना? पण लांबीपेक्षा ताठपणा कितीतरी जास्त वाढतो, म्हणून सूर चढतो.

पाळी गेल्यावर हार्मोन्स बदलतात, वरचा थर थोडा सुजतो, घडी जड होते, जड झाली की सावकाश हलते. तुमचं बहुतेक हेच. ह्यांच्यात वयाने आतला स्नायू वाळलाय, घड्या बारीक आणि ताठ झाल्यात, कडा धनुष्यासारख्या वाकल्यात, मधे फट राहते आणि तिथून हवा सुटते.

सूर ताठपणावर, पण आवाजाचा भरदारपणा बराचसा आकारावर. मिरजेचा तंबोरा आठवा, तार तीच, सूर तोच, नुसता घोडीवरचा (तारा जिच्यावर टेकतात तिच्यावरचा) दोरा जरा सरकवला की जवारी, म्हणजे तारेचा झणकार, खुलते नाहीतर मरते, कारण तार घोडीला कशी टेकते ते बदलतं. गळ्यातही घडीची आतली कड जाड असेल, वरून खालपर्यंत नीट टेकत असेल तर आवाज घट्ट, कड पातळ झाली की बासरीसारखा पोकळ. पूर्ण तळव्याने टाळी वाजवा मग नुसत्या बोटांनी, तसंच काहीसं.

तर तुम्ही पट्टी उतरवा, पांढरी चारमध्ये गा, मंडळाला सांगायला लाजू नका, काळी चारसाठी ओढाताण करून गाठी आल्या तर मग आहे ती पट्टीपण जाईल. ह्यांना स्पीच थेरपिस्टकडे न्या, घड्या नीट मिटवायचे व्यायाम असतात, फरक पडतो. आणि दोघांपैकी कोणाचाही घसा तीन आठवड्यांच्या वर बसलेला असेल तर, आणि ह्यांना तंबाखूची सवय असेल तर नक्कीच, आधी कान-नाक-घसावाल्यांकडे जाऊन दुर्बिणीने बघून घ्या, व्यायाम नंतर.