जुन्या खिडकीची काच, नवी फोटोफ्रेम

प्रश्न : जुन्या लाकडी खिडक्यांच्या 4 मिमी काचा निघाल्या आहेत. आजोबांच्या फोटोसाठी 12 बाय 18 इंची फ्रेम करायची आहे; पण दोन काचा कापताना वेड्यावाकड्या तडकल्या. काय चुकलं?

उत्तर : बहुधा काच नीट साफ न करताच कापली गेली. कडेला चिकटलेली लांबी (काच बसवायची पुट्टी) आणि रंगाचे थेंब यांवरून कटरचं चाक उडी मारतं, रेघ तुटते आणि काच तिथूनच भलतीकडे फुटते. लांबी ओली करून पात्याने खरवडा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडं घासू नका.

सपाट टेबलावर जाड कापड पसरा. चाकाला रॉकेलचा थेंब लावून पट्टीच्या आधाराने एकाच दाबात, एकदाच रेघ ओढा. ‘कर्र’ असा सलग आवाज यायला हवा. रेघ पुन्हा गिरवली की काच हमखास बिघडते. लगेच रेघ टेबलाच्या कडेवर आणून बाहेरचा भाग खाली दाबा. हातमोजे, चष्मा हवेतच. कोपऱ्यात ‘टफन्ड’ (कडक केलेली काच) असा शिक्का असेल तर ती काच कापूच नका, चुरा होईल.

काच फ्रेमच्या खाचेपेक्षा 2-3 मिमी लहान ठेवा, कडा ओल्या पॉलिश पेपरने घासा. या मापाची काच सुमारे 1.4 किलो भरते. पातळ पट्टीची फ्रेम नको, भिंतीत दोन स्क्रू घ्या. फोटो आणि काच यांच्यामध्ये माउंट बोर्ड (फोटोभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) घालायला विसरू नका, नाहीतर पावसाळ्यात दमटपणाने फोटो काचेला चिकटतो आणि सोडवताना वरचा थर निघून येतो.