उभ्या नळीतलं सुपरक्रिटिकल पाणी: भिंतीचं तापमान सूत्राशी का जुळत नाही?

तुमची केस अशी: 10 मिमी व्यासाची उभी नळी, 24 मेगापास्कलचं (क्रांतिक दाबाच्या वरचं, म्हणजे सुपरक्रिटिकल) पाणी खालून वर, मास फ्लक्स (दर चौ.मी. छेदातून सेकंदाला जाणारं पाणी) 500 किलो प्रति चौ.मी. सेकंद, हीट फ्लक्स (दर चौ.मी. भिंतीतून पाण्यात जाणारी उष्णता) 450 किलोवॅट प्रति चौ.मी. डिटस-बोएल्टर या 1930 च्या नेहमीच्या सूत्राने आलेलं भिंतीचं तापमान प्रयोगापेक्षा बरंच कमी, म्हणून कुठलं कोरिलेशन (प्रयोगांवरून बसवलेलं सूत्र) घेऊ, असं विचारलंय.

आधी कोरिलेशन बाजूला ठेवा. मोक्री यांच्या समीकरणाने हीट फ्लक्सची मर्यादा 0.745 गुणिले मास फ्लक्स, वजा 58.97, म्हणजे तुमच्यासाठी साधारण 313 किलोवॅट प्रति चौ.मी. यामागाता यांच्या जुन्या निकषाने 347 च्या आसपास. तुम्ही दोन्हींच्या वर आहात. इथे उष्णता वाहून नेणंच बिघडलेलं असतं.

22.064 मेगापास्कल या क्रांतिक दाबाच्या वर पाणी उकळत नाही हे खरं, पण 24 मेगापास्कलला 370 ते 400 अंशांच्या दरम्यान त्याची घनता एक-तृतीयांशाहूनही खाली येते. भिंतीलगतचा थर हलका होऊन वर पळतो. प्रवाहही वरच चाललेला, त्यामुळे थर आणि गाभा यांच्या वेगातला फरक मिटतो, घर्षण-ताण घटतो, टर्ब्युलन्स मरतो आणि भिंत तापते. हाच प्रवाह वरून खाली सोडला तर उत्प्लावन उलट मदतीला येतं. 1930 च्या सूत्राला यातलं काहीच दिसत नाही. उलट 381 अंशांजवळ विशिष्ट उष्णतेचं शिखर आलं की ते उष्णतावहन भरमसाट फुगवून सांगतं.

फ्लक्स 250 वर आणलात तर मोक्री यांचं उष्णतावहनाचं कोरिलेशन बिनधास्त वापरा. त्यात नसेल्ट संख्या (उष्णतावहनाचं माप) म्हणजे पुढच्यांचा गुणाकार: गुणक 0.0061, रेनॉल्ड्स संख्येचा (प्रवाहाचं माप) घात 0.904, सरासरी प्रांटल संख्येचा (द्रवाच्या गुणधर्मांचं माप) 0.684, भिंतीलगतचं पाणी आणि बल्क (नळीतलं सरासरी पाणी) यांच्या घनतांच्या गुणोत्तराचा 0.564. प्रांटलसाठी विशिष्ट उष्णता भिंत आणि बल्क यांच्या एन्थाल्पीच्या (उष्णता-साठ्याच्या) फरकावरून काढायची, थेट तक्त्यातून नाही. भिंतीचं तापमान समीकरणाच्या दोन्ही बाजूंना येतं, म्हणून अंदाज धरून फेऱ्या माराव्या लागतात. तरीही भिंतीच्या तापमानात ±15 टक्के चूक गृहीत धरा.

450 लाच राहायचं असेल तर मोजलेला डेटा किंवा भिंतीपर्यंत बारीक जाळी घेतलेलं एसएसटी मॉडेल (संगणकावरचं टर्ब्युलन्सचं मॉडेल) वापरा. तेही भिंतीच्या तापमानाच्या शिखराची जागा चुकवतं. माझा भरवसा डेटावर जास्त.

गोव्यातल्या फर्मागुडीच्या तुमच्या प्रोजेक्टमध्ये बॉयलरचं उदाहरण घेणार असाल, तर एक अडचण आहे. गोव्याला छत्तीसगडमधल्या सिपत औष्णिक वीजकेंद्राच्या 660 मेगावॅटच्या सुपरक्रिटिकल युनिटांची वीज मिळते, म्हणून ते उदाहरण सोयीचं वाटेल. पण भट्टीच्या भिंतीतल्या नळीला आच एकाच बाजूने लागते, आणि वरचे आकडे सगळीकडून सारख्या तापवलेल्या नळीचे आहेत.