लायनफिश दिसला की मारायचाच का? वाचक विचारतात

प्रश्न : दादा, मी फ्लोरिडात असतो, काही वर्षं स्कूबा करतोय. आमच्या ग्रुपमध्ये लायनफिशवरून, म्हणजे त्या विषारी काट्यांच्या रीफवरच्या (प्रवाळाच्या खडकांवरच्या) माशावरून, बोटीवर दर वेळी वाजतं. एकजण म्हणतो दिसला की मारायचा, विषय संपला. दुसरी म्हणते आपण कोण ठरवणार, निसर्ग बघून घेईल. तिसऱ्याचं म्हणणं, मारून शार्कला भरवा, म्हणजे त्यांना चव लागेल आणि पुढचं काम तेच करतील. तुम्हीच सांगा बरोबर कोण?

उत्तर : पहिल्याचं बरंचसं, दुसरीचं थोडंसं आणि तिसऱ्याचं अजिबात नाही.

आधी दुसरीचं बघू, कारण तिचा मुद्दा ऐकायला सगळ्यात बरा वाटतो. निसर्ग बघून घेईल हे खरं, पण हा मासा तिथला नाहीच ना. त्याचं मूळ घर हिंदी आणि पॅसिफिक महासागर. फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ तो पहिल्यांदा १९८५ मध्ये सापडला, आणि तो बहुतेक कुणीतरी घरच्या फिशटँकमधून समुद्रात सोडलेला असणार. (१९९२ च्या अँड्र्यू वादळात किनाऱ्यावरचा एक टँक फुटला आणि तिथून हे सगळं सुरू झालं अशी गोष्ट अजून सांगतात, पण मासा त्याच्या सात वर्षं आधीच दिसला होता, त्यामुळे वादळाला उगाच दोष.) २००४ पर्यंत बहामात, मग चारपाच वर्षांत जवळजवळ अख्ख्या कॅरिबियनमध्ये आणि २०१० ला मेक्सिकोच्या आखातात. तिथल्या छोट्या माशांना हा शिकारी आहे हेच कळत नाही. कधी नीट जवळून बघा, तो घाईच करत नाही, दोन्ही बाजूचे मोठे पर पंख्यासारखे उघडतो, छोट्या माशाला कपारीकडे रेटत नेतो, कधीकधी तोंडातून पाण्याची पिचकारी मारतो, तो मासा काय आलं म्हणून तोंड वळवतो आणि डोक्याकडूनच गिळला जातो. बहामात छोट्या छोट्या रीफवर एकेक लायनफिश ठेवून प्रयोग केला होता, पाच आठवड्यांत तिथे नव्याने येणाऱ्या पिल्लांची भर सरासरी ७९ टक्क्यांनी घटली. एका माशाने! आता निसर्ग बघून घेईल म्हणत थांबायचं तर तोवर त्या रीफवर काय उरेल?

तरी तिला थोडे मार्क द्यायला हवेत. २०१७ पासून आखाताच्या उत्तर भागात लायनफिशच्या अंगावर जखमा पडणारा एक रोग दिसायला लागला आणि त्याच सुमारास तिथली संख्या एकदम खाली आली, तेही डायव्हर्सनी काही वेगळं न करता. पण असा रोग कधी आणि कुठे येईल हे काय आपल्या हातात आहे?

आता शार्कवाले साहेब. हे होंडुरासला, बहामात, अजून बऱ्याच ठिकाणी करून झालंय. शार्क आणि ग्रुपरसारखे मोठे मासे भाल्यावरचा मेलेला मासा आनंदाने खातात, पण त्यातून ते शिकतात काय, तर डायव्हर आला म्हणजे जेवण आलं. मग नर्स शार्क अख्खा डाइव्ह तुमच्या मागे फिरतो, मोरे ईल (सापासारखा लांब मासा) पिशवीला नाक लावते, आणि ज्या माणसाच्या हातात भालाही नाही त्याच्या बोटांना धोका. फुकटचं खाणारे जिवंत लायनफिशची शिकार करायला लागलेत असा ठोस पुरावा नाही. आणि फ्लोरिडाच्या पाण्यात डायव्हर्सनी माशांना खाऊ घालायला बंदीच आहे, त्यामुळे हा वाद तसाही तिथेच मिटतो.

प्रश्न : हे मासे संपणारच नाहीत असं सगळे म्हणतात, मग त्या डर्बी, म्हणजे लायनफिश मारायच्या स्पर्धा, वगैरे म्हणजे नुसती हौसच ना?

उत्तर : संपणार नाहीत हे खरं. मादी दर दोनचार दिवसांनी अंडी घालते, वर्षाला वीस लाखांपर्यंत, पिल्लं महिनाभर प्रवाहाबरोबर वाहत कुठल्या कुठे जातात. त्यात हा मासा ३०० मीटरवरही दिसलाय आणि आपलं स्पोर्ट डायव्हिंग ४० मीटरला थांबतं. खालचे कोण मारणार? (खोल पाण्यासाठी नोआच्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी सागर-हवामान संस्थेच्या, एका शास्त्रज्ञाने सापळा केलाय, तो तळाशी उघडा पडून राहतो, आमिष नाही, मधल्या जाळीच्या आडोशाला लायनफिश आपणहून जमतात आणि वर ओढला की मिटतो. कल्पना मला तरी फार आवडली.)

पण संपवायचेच कशाला? २०१४ मध्ये आलेल्या बहामातल्या एका अभ्यासात असं दिसलं की लायनफिश ठराविक मर्यादेखाली ठेवले, म्हणजे रीफप्रमाणे ७५ ते ९५ टक्के कमी केले, तर तिथल्या मूळच्या छोट्या माशांचं वजन ५० ते ७० टक्क्यांनी वाढतं. म्हणजे शून्य गाठायची गरजच नाही. हे तणासारखं आहे, एकदा खुरपलं म्हणून भागत नाही आणि अख्खा माळ खुरपायलाही कुणी सांगितलेलं नाही, आपले चार वाफे तेवढे धरायचे. म्हणून माझं मत, डर्बी चांगलीच, त्यातून लोक शिकतात, नुसतं सगळ्यात जास्त आणि सगळ्यात मोठं नाही तर सगळ्यात छोट्या माशालाही बक्षीस असतं ते फार शहाणपणाचं आहे, पण एका वीकेंडला हजारो मासे काढून वर्षभर तिकडे फिरकायचंच नाही याने रीफला फारसं काही मिळत नाही. तुमच्या ग्रुपने मोजक्या जागा ठरवा आणि तिथे परत परत जा.

आणि नेम नसेल तर भाला घेऊच नका. जिथे सतत शिकार होते तिथले लायनफिश दिवसा कपारीत जास्त लपतात, माणूस आला की सावध होतात हे दिसून आलंय. चुकलेला वार म्हणजे पुढच्या डायव्हरसाठी हुशार करून सोडलेला मासा, वर कोरलचा तुकडा पडतो तो वेगळाच. बॉयन्सी (पाण्यात न बुडता न तरंगता एका जागी स्थिर राहणं) आधी, भाला नंतर.

प्रश्न : लायसन्स लागतं का?

उत्तर : फ्लोरिडात पोल स्पिअर (हाताने मारायचा लांब भाला), हातजाळं किंवा खास लायनफिशसाठीचं हत्यार असेल तर नाही, संख्येची आणि आकाराचीही मर्यादा नाही, पण काही भागांत भालाच चालत नाही तेव्हा जागा बघून जा. कॅरिबियनमधल्या बोनेर आणि केमन बेटांवर मात्र ट्रेनिंग आणि परवानगीशिवाय हात लावायचा नाही. सुट्टीवर गेलात तर आधी डाइव्ह शॉपला विचारा.

प्रश्न : नवरा मारून आणतो आणि मी घरात घेत नाही, विषारी मासा कसा खायचा? आणि काटा लागला तर?

उत्तर : ताई, विष काट्यांमध्ये असतं, मांसात नाही. काटे अठरा, पाठीवर तेरा, पोटाखाली दोन, मागे शेपटीकडे तीन. ते पंख्यासारखे मोठे पर दिसायलाच भीतीदायक, त्यांच्यात विष नाही. फ्लोरिडात २०१६ पासून होल फूड्स या मोठ्या किराणा दुकानांच्या साखळीनेही हा मासा विकायला ठेवला होता. फक्त जिथे सिग्वाटेराची (रीफवरच्या माशांच्या मांसात साठणाऱ्या वेगळ्या विषाची) तक्रार असते तिथला कुठलाच रीफवरचा मासा नको, हाही नको, कारण ते विष शिजवून जात नाही.

काटा लागला तर सोसवेल इतकं गरम पाणी, साधारण ४५ डिग्री, त्यात अर्धा ते दीड तास हात बुडवून ठेवायचा, उष्णतेने ते विष निकामी होतं. बर्फ लावू नका. पाण्याखाली लागला तर दुखतंय म्हणून सुसाट वर येऊ नका, डाइव्ह तिथेच थांबवा पण सेफ्टी स्टॉप (वर येताना वाटेत थोडा वेळ थांबणं) करूनच वर या. श्वास लागला, चक्कर आली, सूज पसरत गेली तर सरळ डॉक्टर. आणि नवऱ्याला सांगा, मासा मेला तरी काटा तेवढाच लागतो, त्यामुळे जाड कात्रीने सगळे काटे कापल्याशिवाय ती पिशवी तुमच्या हातात द्यायची नाही.