स्मार्ट सिटी होताना जुनं शहर जपायचं कसं?

तुम्ही विचारलंय, विकासकामं जोरात असताना जुन्या शहरांचा वारसा टिकणार कसा. मी बेळगावच्या शहापुरातला, म्हणून इथलंच सांगतो.

किल्ल्यातल्या कमल बस्तीची, म्हणजे जुन्या जैन मंदिराची, मला फारशी काळजी नाही. रट्ट राजांच्या काळातली, १२०४ च्या सुमाराची ही बस्ती पुरातत्त्व खात्याकडे आहे. २०१० च्या कायदादुरुस्तीनुसार अशा संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम चालत नाही, त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. घोर आहे तो गल्ल्यांचा. जांभ्या दगडाच्या भिंती, मंगळुरी कौलं, पुढे सोपा म्हणजे ओसरी, परसात विहीर; अशा घरांना विचारतो कोण? रिसालदार गल्लीतलं एक घर जपलं गेलं, कारण १८९२ मध्ये विवेकानंद तिथे उतरले होते. आता प्रत्येक घरात विवेकानंद कुठून आणायचे!

रुंदीकरणात घरं पडतात, ते सगळ्यांना दिसतं. पण बरीच घरं रस्ता उंच झाल्यामुळे जातात. जुना थर न खरवडता त्यावरच डांबर, मग काँक्रीट. पायऱ्या चढून ज्या सोप्यात जायचं, तिथे आता पायरी उतरावी लागते. आषाढात पाणी थेट आत, भिंतीला ओल. मग गवंडी चुन्याचा गिलावा काढून सिमेंट थापतो. भिंत वरून टकाटक, पण ओल आत कोंडते आणि जांभा भुसभुशीत होतो. काही पावसाळ्यांनी इंजिनिअर म्हणतो, 'धोकादायक आहे, पाडा.' उताऱ्यावर चार भावांची नावं असली की कुणालाच दुरुस्तीचा खर्च नको असतो. बिल्डर दारात उभाच.

२०१६ च्या स्मार्ट सिटीच्या पहिल्याच यादीत बेळगाव होतं. फुटपाथ, दिवे हवेतच की. पण टेंडरमध्ये एक अट घाला: जुना थर काढल्याशिवाय नवा नाही, आणि रस्ता घरांच्या जोत्याखालीच राहील. वारसा जपायचा याहून स्वस्त उपाय मला तरी माहीत नाही. त्यानंतर चुन्यात दुरुस्ती करणाऱ्याला घरपट्टीत सूट द्या, न वापरलेला एफएसआय, म्हणजे त्या जागेवर बांधकामाचा उरलेला हक्क, दुसरीकडे विकू द्या. नुसतं 'पाडू नका' म्हणून मालकाचं पोट भरत नाही.

तुमच्या गल्लीत काम निघणार असेल तर आधीच जोत्याचे, उंबऱ्याचे फोटो मोजायची टेप लावून काढा आणि रस्ता उंच करू नका अशा अर्जाला जोडून पालिकेत द्या. पोच मात्र शिक्क्यासकट घ्या.