तक्ता आखण्याआधी

वेगवेगळ्या देशांतल्या व्यावसायिक उच्च शिक्षणाची तुलना करायची आहे ना? मग देशांची नावं डावीकडे, आकडे उजवीकडे, असा तक्ता करायची घाई करू नकोस. मी तेच केलं होतं, आणि जर्मनीची अख्खी ड्युअल अप्रेंटिसशिप (कंपनीत काम आणि व्यवसायशाळेत शिक्षण, दोन्ही एकत्र) उच्च शिक्षणात मोजून बसलो होतो. ती मुळात उच्च माध्यमिक स्तरावरची! तिथलं उच्च शिक्षणातलं व्यावसायिक अंग बघायचं तर फाखहोखशूले, म्हणजे उपयोजित शिक्षण देणाऱ्या उच्च शिक्षणसंस्था बघ, नाहीतर बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचं ड्युअल विद्यापीठ: साधारण तीन महिने वर्गात, तीन महिने कंपनीत, आणि पगार चालू.

नावांवर तर अजिबात जाऊ नकोस. ब्रिटनमधली पॉलिटेक्निक १९९२ च्या कायद्यानंतर विद्यापीठं झाली. पाटी बदलली म्हणून आतलं शिकवणं रातोरात बदलत नाही. फ्रान्सच्या आययूटींमध्ये (विद्यापीठांतल्या तंत्रज्ञान संस्थांमध्ये) दोन वर्षांची पदविका असायची, २०२१ पासून तीन वर्षांची पदवी आली. त्यामुळे तिथली २०१९ आणि २०२३ ची आकडेवारी शेजारी-शेजारी ठेवलीस की फसगत झालीच.

युनेस्कोचं इस्सेड (ISCED), म्हणजे शिक्षणाच्या स्तरांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण हाताशी असू दे, पाचवा स्तर (पदवीपेक्षा छोटे उच्च शिक्षणाचे अभ्यासक्रम) नीट वाच. मात्र सहाव्यापासून, म्हणजे पदवीपासून पुढे ‘व्यावसायिक’ कशाला म्हणायचं याची सर्वमान्य व्याख्याच नाही. तिथे सरळ अभ्यासक्रम उघड: प्रत्यक्ष कामाचे तास किती, करार कोणाशी, पैसे कोण देतं.